अभ्यास कसा करावा, हेही शिकवावे लागते

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाने 1972 मध्ये नवागतांसाठी ‘युनिव्हर्सिटी 101’ हा अभ्यासक्रम सुरू केला, आणि विद्यार्थ्याचे शिक्षण अर्धवट सुटू नये म्हणून वेळेचे नियोजन, टिपणे काढणे व स्वतःच्या निर्णयांची जबाबदारी घेणे हेही शिकवण्याची प्रथा पुढे अनेक महाविद्यालयांत रुजली. जबाबदारीच्या या शिकवणीला मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांच्या ‘नियंत्रणस्थान’ या संकल्पनेचा, म्हणजे माणूस यशापयशाचे कारण स्वतःच्या प्रयत्नांत शोधतो की नशिबात या विचाराचा, आधार मिळतो. अभ्यासकौशल्यांचा पाया अधिक भक्कम आहे: मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात आठवड्यानंतर अधिक राहिले. मात्र फी आणि नोकरीच्या ओझ्याखाली असलेल्या मुलाला नुसता जबाबदारीचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. विद्यार्थी टिकण्यासाठी संस्थेनेही त्याला आपलेसे करावे लागते, हे शिक्षण-अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 पासून आग्रहाने मांडले.