गाडीच्या काचेतून अतिनील किरण किती आत येतात?

चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांसोबत त्यांच्या काचाही बनतात. सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने इथलेच. पण एकाच गाडीच्या दोन काचा अतिनील किरणांशी अगदी वेगळ्या वागतात. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा पातळ थर. तोच जवळपास सगळे अतिनील किरण गिळतो. बाजूची साधी टफन्ड काच 280 ते 315 नॅनोमीटरचे यूव्ही-बी बहुतांशी अडवते, मात्र 315 ते 400 मधल्या यूव्ही-एचा बराच भाग आत सोडते. चालकाचा खिडकीकडचा हात रापतो तो यामुळेच.

प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश आरपार गेला ते मोजतो. घरगुती चाचणीला 365 नॅनोमीटरचा टॉर्च आणि टॉनिक वॉटर पुरे. त्यातलं क्विनाइन या टॉर्चखाली अंधारात निळसर चमकतं. टॉर्च आणि ग्लास यांच्या मध्ये खिडकीची काच धरली तर चमक जेमतेम मंदावते. पारदर्शक पॉलिथिनने तर फारसा फरकच पडत नाही. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची व्हायझर धरली की बहुतेकदा चमक विझल्यातच जमा! नोटा तपासायचे स्वस्त टॉर्च अनेकदा 395 नॅनोमीटरचे असतात. त्यांचा बराचसा प्रकाश जांभळा, डोळ्यांना दिसणारा. त्यामुळे चांगली व्हायझरही नापास झाल्यासारखी वाटते.

काचेच्या रंगावरून काहीच ठरत नाही. गडद काच यूव्ही-ए सोडू शकते, नितळ काच तो अडवू शकते. टॉर्चच्या झोतात मात्र थेट बघू नका.