उसासाठी आणलेला भेक

केन टोड, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला तो थोराड भेक, ऑस्ट्रेलियात सोडला गेला त्याला २०२५च्या ऑगस्टमध्ये नव्वद वर्षं झाली. त्याचा विषय निघाला की आजही बोललं जातं ते त्याच्या ओंगळ रूपाबद्दल आणि त्याला वेचून मारण्याच्या मोहिमांबद्दल. हा सूर मला खटकतो. या प्राण्याने फसवणूक केलेली नाही. त्याची शिकार, त्याचं संरक्षण आणि त्याचं प्रजनन या तिन्ही गोष्टी उघड होत्या. आणणाऱ्यांनी त्यांतल्या फक्त पहिलीकडे पाहिलं, आणि तीही धड तपासली नाही. उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातली जी अळी खाण्यासाठी भेक आणला, ती तिच्याच जातकुळीतली. कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड मंगोमेरी यांनी १९३५मध्ये हवाईहून सुमारे शंभर भेक आणले आणि त्यांची वीण वाढवून ऑगस्टमध्ये तिथल्या गॉर्डनव्हेलच्या परिसरात सुमारे २,४०० पिल्लं सोडली. पण भेक जमिनीवर दबा धरून बसतो आणि समोर हललेलं गिळतो. हुमणी मातीखाली राहते, तिचे भुंगेरे झाडांच्या शेंड्यावर पाला खातात. शिकारी आणि सावज यांची गाठच पडत नव्हती. हुमणी आटोक्यात आली ती पुढे, महायुद्धानंतरच्या कीटकनाशकांनी. ‘तेव्हा हे कुणाला कळणार होतं?’ असं विचारलं जातं. दुसरे कीटकशास्त्रज्ञ वॉल्टर फ्रॉगट यांना कळलं होतं. त्यांनी जाहीर विरोध केला, थोडा काळ भेक सोडण्यावर बंदीही आली, आणि १९३६मध्ये ती उठवली गेली. तेव्हा माहिती हाताशी होती. ती ऐकून घेण्याची तयारी नव्हती.

पुढची साठ-पासष्ट वर्षं झटकन ओलांडता येतात. भेक वर्षाला दहाएक किलोमीटरने सरकत राहिला आणि क्वीन्सलंडला त्याची सवय झाली. खरा हिशेब झाला तो २००१ ते २०१०च्या दशकात, माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत. २००१मध्ये तो उत्तरेकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात पोहोचला, २००९मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत शिरला. या दशकाने दाखवून दिलं की भेक काय खातो यापेक्षा त्याला कोण खायला जातं हा प्रश्न मोठा आहे. त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत हृदय बंद पाडणारं विष असतं, अंडी आणि बेडूकमासेही विषारी असतात. ऑस्ट्रेलियात मुळात भेकांची एकही जात नव्हती. त्यामुळे तिथल्या भक्षकांच्या शरीराला या विषाची ओळखच नव्हती. आशियातल्या घोरपडींच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून ती प्रतिकारशक्ती आलेली आहे, ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींत नाही. तिथल्या पिवळ्या ठिपक्यांच्या घोरपडी काही भागांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. व्हिक्टोरिया नदीच्या काही पट्ट्यांत गोड्या पाण्यातल्या मगरी ७७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. क्वोल हा मांजराहून लहान, ठिपकेदार मांसाहारी प्राणी काकाडूतून जवळजवळ नाहीसा झाला. याच दशकात आघाडीवरच्या भेकांचे पाय लांब होत गेल्याचं आणि त्यांचा वेग वर्षाला पन्नास किलोमीटरच्या वर गेल्याचं संशोधकांनी २००६मध्ये मांडलं. सर्वांत पुढे पोहोचलेल्यांची वीण सर्वांत पुढे पोहोचलेल्यांशीच होत राहिली, त्याचा हा परिणाम.

यावर एक समजूतदार वाटणारा आक्षेप आहे: निसर्ग सावरतो. लाल पोटाच्या काळ्या सापांत विषाचा प्रतिकार वाढला, पाणउंदीर भेकाचं पोट फाडून फक्त हृदय आणि यकृत खायला शिकले. हे खरंच आहे. पण सावरले ते, ज्यांच्यातले काही जण आधीच थोडे वेगळे होते. क्वोलची गोष्ट वेगळी. २००३मध्ये काही क्वोल भेक नसलेल्या बेटांवर नेऊन वाचवले, तिथे ते भरभराटीला आले. तेरा वर्षांनी, भेक न खाण्याचं शिक्षण देऊन, त्यांच्या वंशजांना काकाडूत परत सोडलं, तर डिंगोंनी, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांनी, त्यांना मारलं. डिंगो नसलेल्या बेटावर पिढ्या जगल्यामुळे त्यांच्यात त्याची भीतीच उरली नव्हती. जे हरवलं ते परत आणणं इतकं बिकट असतं. ‘निसर्ग सावरतो’ म्हणून निश्चिंत होणाऱ्यांचा मला राग येतो तो याचसाठी.

आणि आजही तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे भेकाच्या प्रजननाकडे, पुरेसं लक्ष नाही. एक मादी एका खेपेस आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडी देते, जेलीच्या लांब माळांत, साचलेल्या उथळ पाण्यात. इतकी वीण असलेला प्राणी पोत्यात भरून संपत नाही. स्वयंसेवकांची कळकळ खरी आहे आणि एखाद्या पाणथळीपुरता तिचा उपयोगही होतो, पण मोहिमेनंतरच्या एकाच पावसात ती जागा भरून निघते. भेकाचं दुबळेपण पाण्यात आहे. कोरड्या मुलखात तो पुढे सरकतो तो गुरांसाठी बांधलेल्या तळ्यांच्या आधाराने. नॉर्दर्न टेरिटरीत अशा तळ्यांभोवती बुटकी कुंपणं घातली तेव्हा पाणी न मिळून भेक मोठ्या संख्येने मेले. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली आणि पिलबारा या प्रदेशांमधल्या अरुंद कोरड्या पट्ट्यात सुमारे शंभर कृत्रिम पाणवठे भेकांना बंद केले तर पिलबारा वाचवता येईल, असं गणित २०१३मध्येच मांडलं गेलं. गुरांची तहान भागवणाऱ्या उघड्या तळ्यांच्या जागी बंद टाक्या आणि भेकाला चढता न येणारी कुंडं, एवढंच काम आहे. त्याला मोहिमेचा गाजावाजा नाही, आणि भेक त्या पट्ट्याच्या दिशेने येतच आहे.