दोन दिवस, एक गाडी आणि तीन संग्रहालयं

मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली, हप्ते गोळा झाले, वही बंद केली, तशी एक जण म्हणाली, "ताई, तुम्ही पोरांना घेऊन औंध-कोल्हापूर करून आलात म्हणं. आमची पोरंबी मोठी झाल्यात. देवाला नेलं तर तोंड पाडत्यात आन् वॉटर पार्कला न्यायला पैसं नाहीत. मग न्यायचं कुठं?" तिला तिथंच थोडं सांगितलं, पण बाकीच्या बायाही पुढं सरकून ऐकायला लागल्या. म्हणून आज हाच विषय घेतला.

आधी आमची चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका शहरात गेलो होतो. एका दिवसात चार ठिकाणं बघायची, कारण परत कधी येणार! पहिल्या ठिकाणी मी गुरुजींसारखी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. दुसऱ्या ठिकाणी मुलं बाकावर बसून राहिली. तिसऱ्या ठिकाणी भावंडांचं भांडण झालं आणि चौथं संग्रहालय बंद होतं, कारण तो सोमवार होता. येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. पैसे गेले ते वेगळेच.

यंदा तसं करून चालणार नव्हतं. थोरलीची दहावी झाली, निकाल यायचा होता, आणि जूनपासून ती शिकायला माझ्या नणंदेकडं कोल्हापूरला जाणार हे ठरलं होतं. काय शिकायचं यावरून मात्र घरात धुसफूस चालू होती. तिला चित्रकला पाहिजे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या. आमच्या ह्यांचं म्हणणं, "सायन्स घे, चित्रं काय रविवारी पण काढता येतात." धाकटा आठवीत, त्याला मोबाईल सोडून कशाची फिकीर नाही. सगळे मिळून कुठं जायचं तर हीच सुट्टी. दिराची बोलेरो दोन दिवस मिळाली. डिझेल, तिकिटं आणि खाणं यासाठी मी दहा महिने दर महिन्याला सहाशे रुपये बाजूला टाकले होते. मुक्काम नणंदेकडं, त्यामुळं लॉजचा खर्च नाही.

ठरवताना मी एकच नियम केला. जितकी माणसं, तितक्या आवडी, पण दिवसाला दोनपेक्षा जास्त संग्रहालयं नाहीत. लहान लेकरू कडेवर घेऊन कुठंही फिरवता येतं. बारा वर्षांपुढच्या पोराला "चल" म्हटलं तर ते येतं, पण मनानं घरीच राहतं. त्यानं स्वतः निवडलेलं असेल तर मात्र जागा चांगली निघावी ही त्याचीही जबाबदारी होते. म्हणून लेकीनं एक निवडायचं, लेकानं एक आणि आमच्या सासूबाईंनी एक. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांना घ्यायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली, गुडघे दुखतात म्हणून. पण त्यांच्या लेकीकडंच मुक्काम, त्यांना ठेवून कसं जाणार!

लेकीनं औंध निवडलं. आता औंध आपल्याला परकं नाही. आपली आटपाडी औंध संस्थानातच होती. बहात्तर गावांचं ते संस्थान, तेही एका जागी नाही, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. आपले गदिमा शाळेला औंधलाच होते. स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिथं कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून शेती करायला लावली, ती १९३९ साली याच संस्थानानं सुरू केली. तिच्यावरून पुढं व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि त्याची कथा गदिमांचीच. हे सगळं गाडीत सांगून टाकलं. मायणी-वडूजचा रस्ता तेवढ्यात सरला. संग्रहालयात गेल्यावर मी बोलणार नाही, असं मुलांना वचनच दिलं होतं. सांगायचं ते गाडीत सांगायचं.

औंधला डोंगरावर यमाईचं मंदिर आहे आणि त्याच डोंगराच्या अंगावर श्री भवानी चित्रसंग्रहालय. १९३८ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते उभारलं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकार होते. रामायणावरची चित्रं त्यांनी स्वतः काढली. जन्मभर गोळा केलेली चित्रं त्यांनी वाड्यात न ठेवता लोकांना बघायला मोकळी केली. राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं तिथं आहेत. आपल्याकडं कॅलेंडरवर छापलेली लक्ष्मी-सरस्वती पाहून आपल्याला वाटतं की रविवर्मा माहीत आहे. अस्सल चित्रासमोर उभं राहिलं की साडीचा काठ हातानं चाचपून बघावासा वाटतो. जुनी लघुचित्रं आहेत, हस्तिदंताचं आणि लाकडाचं कोरीव काम आहे, परदेशी चित्रकारांच्या गाजलेल्या चित्रांच्या नकला आहेत.

आणि एक दगड आहे. हेन्री मूर नावाचा मोठा इंग्लिश शिल्पकार होऊन गेला, त्यानं घडवलेलं आई आणि मूल. मी तर त्याच्यापुढून तशीच निघून गेले होते. ना नाक-डोळे नीट, ना दागिने. लेकीनं मला हाताला धरून मागं आणलं. तिच्या चित्रकलेच्या सरांनी तिला पुस्तकात त्याचं काम दाखवलं होतं. ती म्हणाली, "आई, आईचं अंग कुठं संपतंय आणि बाळाचं कुठं सुरू होतंय ते बघ." बघितलं. मग बराच वेळ आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो. आमचे हे लांबून बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी लेकीला एवढंच विचारलं, "हे शिकायला किती वर्षं लागतात?" तिनं सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि गाडीत हवा किती आहे ते बघायला गेले.

धाकट्याचं औंधला काय झालं? पाऊण तासात त्याचं बघून झालं आणि तो बाहेर पायरीवर आत्यांजवळ जाऊन बसला. मी बसू दिलं. मागच्या वेळी ओढत फिरवलं होतं, त्याचं फळ मिळालं होतं. मोठ्या मुलांना आत सोडायचं, दीड तासानं दारात भेटायचं सांगायचं, आणि एक काम द्यायचं. आतली एकच वस्तू घरी न्यायला मिळाली तर कोणती नेशील, ते ठरवून ये. कारण विचारायचं नाही, ती आपणहून सांगतात. त्यानं हस्तिदंतातली कुठलीशी वस्तू सांगितली आणि आत्या म्हणाल्या, "ठिवणार कुठं? उंदरं खातील."

औंधहून पुसेसावळी, कऱ्हाड करून रात्री कोल्हापूर. पहिल्या दिवशी दुसरं संग्रहालय नाही. रंकाळ्यावर भेळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांचं कणेरी मठ. तिथं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. जुनं गाव जसं होतं तसं उघड्या माळावर उभं केलंय. सिमेंटचे पुतळे, अगदी माणसाएवढे. लोहार, सुतार, कुंभार, जात्यावर बसलेली बाई. मे महिन्यात हे ठिकाण सकाळीच करावं, नाहीतर चारनंतर. चालणं बरंच आहे.

मला स्वतःला इथं जायचं नव्हतं. खेड्यातल्या माणसांनी तिकीट काढून खेडं कशाला बघायचं? लेकही तेच म्हणत होती. पण आमच्यात जुनं खेडं बघितलेलं माणूस एकच होतं, आणि ते त्या दिवशी बोलायला लागलं. मोटेपाशी आत्या थांबल्या. माझ्या पोरांनी पाणी बघितलंय ते बटण दाबलं की येणारं. आत्यांनी सांगितलं, जाड दोर तो नाडा, तो मोटेला. बारीक तो सोंदूर, तो सोंडेला. बैल धावेवरनं खाली गेले की मोट वर येते, सोंदूर ओढला की सोंड मोकळी होते आणि पाणी थारोळ्यात पडतं. माणूस एक, बैल दोन आणि मोट हाकणाऱ्याला गाणं यायला पाहिजे. धाकटा मोबाईल खिशात ठेवून दोर मोजत होता. मला वाटतं, तो त्याचा या सहलीतला पहिला खरा प्रश्न होता: "आजी, बैल मागं कसं चढायचं?"

पुढं एका बाकावर त्या टेकल्या आणि सगळीकडं नजर फिरवून म्हणाल्या, "पुतळं झकास हायती. पर सगळी भरल्या अंगाची हायती बघ. बाहत्तरला असं कोन नव्हतं." १९७२ च्या दुष्काळात त्या चौदा वर्षांच्या होत्या. रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. हे त्यांनी आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्यांचं बोलणं खरं आहे. असं संग्रहालय गावाची कारागिरी दाखवतं, ते उत्तमच. पण बलुतं कुणाला सुपानं मिळायचं आणि कुणाला ओंजळीनं, गावात कोण राहायचं आणि गावाबाहेर कोण, हे पुतळा सांगत नाही. मोठ्या मुलांना ते आपण सांगायला पाहिजे. मी लेकीला परत आल्यावर आटपाडीच्याच शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' दिलं. म्हणून माझं मत असं, की घरातलं म्हातारं माणूस बरोबर असेल तर कणेरीला जरूर जा. नसेल तर मुलं पुतळ्यांबरोबर सेल्फी काढतील आणि परत येतील.

लेकाची निवड शेवटची. त्याला न्यू पॅलेसला जायचं होतं. काळ्या दगडाचा राजवाडा, आत शस्त्रं, शिकारीचे पेंढा भरलेले प्राणी, शाहू महाराजांच्या घराण्याच्या वस्तू. तिथं गेला असता तर काही वाईट झालं नसतं, मुलांना ते आवडतंच. पण आदल्या रात्री मी त्याला एक कोडं घातलं. कोल्हापुरात समुद्राचा देव सापडलाय, तोही परदेशी. कसा आला असेल? त्यानं रात्रीतच ठरवलं, टाऊन हॉल.

टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ मधली, उंच टोकदार छपरांची, बागेत उभी. आत कोल्हापूरचं सरकारी वस्तुसंग्रहालय. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, त्यात दोन हजार वर्षांमागच्या वस्तीचे अवशेष निघाले. त्या ब्रह्मपुरीच्या ठेव्यातला हा पोसायडन. ग्रीकांचा आणि रोमनांचा समुद्रदेव, कांस्याचा, वीतभरसुद्धा उंच नाही. लेक शोधत शोधत तिथं पोचला आणि म्हणाला, "एवढासाच?" पण हलला नाही. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरात रोमी जहाजं लागायची, माल बैलांच्या पाठीवर घाट चढून वर यायचा. सकाळी मोटेचे बैल बघितलेलेच होते. त्यानं त्याचं त्यानंच जोडलं. तिथंच आबालाल रहिमानांची चित्रंही आहेत, लेक त्यांच्यासमोर होती. एका छोट्या इमारतीत दोघांचं दोन ठिकाणी भागलं. छोटं संग्रहालय घ्यावं ते यासाठी.

राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडऱ्यांचं कलासंग्रहालय मात्र राहिलं. सिनेमातला एवढा मोठा नट, त्यानं आपली चित्रं आणि घर शासनाला दिलं. लेकीला फार जायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत हेच तिला म्हणाले, "तू हितंच राहणार हायस. जा की सवडीनं." तिनं माझ्याकडं बघितलं. मी चपला शोधत राहिले.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, काही सणांना आणि राष्ट्रीय सुट्ट्यांनाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. जेवून मग आत जा, उपाशी पोराला रविवर्मा काय करणार! फोटोला पुष्कळ ठिकाणी मनाई असते, तेव्हा एक वही आणि पेन्सिल बरोबर ठेवा. शाळेचं ओळखपत्र घ्या, तिकिटात सवलत असेल तर मिळते. आणि पुण्याकडं जाणार असाल तर दिनकर केळकरांचं संग्रहालय बायकांनी बघावं असं आहे. दिवे, अडकित्ते, भांडी, स्वयंपाकघरातल्या वस्तू, एका माणसानं गावोगाव फिरून जमवलेल्या, आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावानं उभं केलेलं ते घर. दिवाळीच्या सुट्टीत आमचा बेत तोच आहे, या वेळी निवड आत्यांची नाही, माझी.

सहा हजारांतले चारशे दहा रुपये उरले. लेकीनं त्यातनं रंगाची पेटी मागितली, ती ह्यांनी विट्यात गाडी थांबवून घेऊन दिली, वर स्वतःचे दीडशे घालून. अर्ज कुठं भरायचा ते अजून ठरायचंय, निकाल पुढच्या आठवड्यात आहे.

पुढच्या शुक्रवारी याच वेळी शेळ्यांच्या विम्यावर बोलू. ज्यांचे फॉर्म परत आलेत त्यांनी कागद जवळ घेऊन बसा. नमस्कार.