नव्या महानसाची उपकरणे : संस्कारानुसार निवड

दसरा, धनत्रयोदशी आणि अक्षय्य तृतीया हे गृहोपयोगी वस्तूंच्या खरेदीचे मुहूर्त. या दिवसांच्या मागेपुढे आमच्या गंगाखेड येथील चिकित्सालयात काही प्रश्न हमखास येतात. नवे घर बांधणारे कुटुंब औषध घेऊन उठता उठता विचारते, "डॉक्टरसाहेब, कुकर चांगला की वाईट? फ्रीज घ्यावा का? मिक्सरने अन्नाचे सत्त्व जाते म्हणतात, ते खरे का?" या प्रश्नांना आपल्या व्यवसायात दोन ठरीव उत्तरे दिली जातात. पहिले असे की, यंत्रे सर्व वाईट; चूल, जाते आणि पाटा-वरवंटा हेच उत्तम. दुसरे असे की, काळ बदलला, सोयीचे वाटेल ते घ्या. आमच्या मते या दोन्ही उत्तरांनी रुग्णाचे हित साधत नाही. पहिले उत्तर आचरणात येत नाही आणि दुसऱ्याने पथ्याचा निर्णय दुकानदाराच्या हाती जातो.

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जनाबाईंच्या जात्याला प्रत्यक्ष पांडुरंगाने हात लावला, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. या कथेत भक्तीचा महिमा तर आहेच. परंतु दळण हे किती कष्टाचे काम होते, याचीही साक्ष तीत आहे. तेव्हा जात्याची महती सांगताना ते ओढणार कोण, याचा विचार वैद्याने केला पाहिजे. चुलीचेही तसेच. बंद खोलीतील धुराने कास-श्वास आणि नेत्रविकार बळावतात, हे आपण रोज पाहतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गॅस अनेक गरीब घरांत पोहोचला. श्वासाच्या रुग्णेस पुन्हा चुलीपुढे बसविणे हे आयुर्वेदाचे पालन खचित नव्हे.

मग निवडीची कसोटी कोणती? ती चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात दिलेली आहे. आहारविधीच्या आठ आयतनांत 'करण' म्हणजे संस्कार हे एक आयतन आहे आणि संस्काराने द्रव्यात नवे गुण येतात. या संस्काराच्या साधनांत जल आणि अग्नी यांचा संपर्क, शौच, मंथन, देश, काल, भावना यांच्याबरोबर 'भाजन', म्हणजे भांडे, याचाही समावेश आहे. भांडे बदलले की संस्कार बदलतो. म्हणून प्रत्येक यंत्रासंबंधी एकच प्रश्न विचारावा : हे कोणता संस्कार करते आणि या घराला तो संस्कार किती वेळा लागतो? या प्रश्नाच्या प्रकाशात मुख्य उपकरणांचा विचार करू.

शेगडी

आमच्या भागात रोजचे अन्न ज्वारीची भाकरी. भाकरीला तव्याखाली रुंद व समान ज्योत लागते आणि शेवटी ती विस्तवावर फुगवावी लागते. त्यामुळे येथील घराची मुख्य शेगडी गॅसचीच हवी आणि तिचा एक बर्नर मोठा हवा. काचेच्या पृष्ठाची शेगडी दिसावयास सुंदर असते. परंतु जड कढई व तवा ज्या घरात रोज आपटतो तेथे स्टीलची अधिक टिकते. आयएसआय चिन्ह पाहावे आणि रबरी नळी गॅस वितरकाकडून प्रमाणित अशीच घेऊन दर ५ वर्षांनी बदलावी.

इंडक्शन शेगडी ही दुसरी शेगडी म्हणून चांगली. दूध, पाणी, पेया यांसाठी मंद आचेचा आकडा ठरवून देता येतो. मात्र ती चुंबक चिकटेल अशाच बुडाच्या भांड्यांवर चालते. माती, तांबे, पितळ व साधे ॲल्युमिनियम तिच्यावर तापत नाही. रुग्णास मातीच्या भांड्यात काढा करावयास सांगताना त्याच्या घरी कोणती शेगडी आहे, हे विचारल्यावाचून सूचना पूर्ण होत नाही.

प्रेशर कुकर

कुकरमध्ये वाफेचा दाब वाढल्याने पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते व इंधन वाचते. तूर, हरभरा, राजमा अशा कठीण शिंबीधान्यांसाठी तो उपयुक्त आहे. नीट न शिजलेली डाळ आध्मानाच्या रुग्णास अधिक अपाय करते. परंतु काढा कुकरमध्ये करू नये. शार्ङ्गधराने १६ पट पाणी घालून मातीच्या पात्रात अष्टमांश उरेपर्यंत आटविण्यास सांगितले आहे, आणि क्वाथ उघड्या तोंडाच्या पात्रात करावा असा संप्रदाय आहे. कुकरमध्ये पाणी आटतच नाही. मग अष्टमांश मोजणार कशाचा? हे एक वाक्य प्रत्येक क्वाथचूर्णाच्या पुडीवर छापले जावे, अशी औषधालयचालकांस आमची सूचना आहे.

घरगुती प्रेशर कुकरला २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्ह नसलेला कुकर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. सुरक्षा झडप व रबरी कडे गावातच मिळतात ना, हे खरेदीपूर्वी विचारावे.

मिक्सर आणि घरघंटी

भारतीय मसाल्याला पेलेल असा मिक्सर सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६३ साली 'सुमीत' या नावाने बाजारात आणला. परदेशी यंत्र आपल्या वाटणापुढे टिकले नाही, हे त्यामागचे कारण. आजही निवडीची कसोटी तीच आहे. ओले वाटण व कोरडी चटणी रोज करणाऱ्या घरात ५०० वॅटपेक्षा ७५० वॅटची मोटार श्रेयस्कर.

मिक्सरचा दोष उष्णतेचा. वेगाने फिरणाऱ्या पात्यामुळे द्रव्य तापते आणि वेलची, दालचिनी, लवंग यांसारख्या सुगंधी द्रव्यांचे उडनशील तेल कमी होते. त्यावर उपाय सोपा आहे : थोडे थोडे, थांबून थांबून दळावे. सुंठ, हरीतकी यांसारखी कठीण द्रव्ये आधी खलबत्त्यात जाडसर कुटून घ्यावीत. औषधासाठी भांडे स्वतंत्र ठेवावे. मिरची-लसणाच्या भांड्यात केलेले चूर्ण अम्लपित्ताच्या रुग्णास देणे योग्य नव्हे. मंथनासाठी मात्र मिक्सरची गरज नाही. ग्रहणीच्या रुग्णाचे ताक रवीने उत्तम होते, आणि रवीला वीज लागत नाही.

घरघंटीचा विचार ज्वारीच्या घरात गांभीर्याने करावा. ज्वारीत गव्हासारखा चिकट घटक नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. ताजे पीठ हवे असेल व गिरणी दूर असेल, तर १ अश्वशक्तीची घरघंटी सार्थ ठरते. गिरणी दोन गल्ल्यांवर असेल तर तोच पैसा उत्तम भांड्यांवर खर्च करावा. घरघंटीला स्वतंत्र जागा लागते, तिचा आवाज होतो व पीठ उडते. घरात श्वासाचा रुग्ण असल्यास ती स्वयंपाकघरात न ठेवता मोकळ्या ओसरीत ठेवावी.

फ्रीज

फ्रीज संस्कार करीत नाही, तो काल लांबवितो. दूध, दही, भाजी यांसाठी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांवर जात असता, तो चैनीचा राहिलेला नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णासाठी तर तो आवश्यकच. आतील तापमान ५ अंशांच्या आत असावे व शिजविलेले अन्न दोन तासांच्या आत ठेवावे. मात्र फ्रीज जेवढा मोठा, तेवढी शिळ्या अन्नाला जागा अधिक. चार माणसांच्या घराने मोठ्या दोन दारी फ्रीजचा मोह टाळावा. काही रुग्ण तीन दिवसांचा काढा एकदम करून फ्रीजमध्ये ठेवतात; काढा रोजचा रोजच करावा, हे स्पष्टपणे सांगावे.

ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकन योजना २००६ साली सुरू झाली. केवळ तारे मोजू नयेत. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या लेबलावरील पाच तारे आजच्या पाचांइतके नसतात. लेबलावरील वार्षिक युनिटांचा आकडा पाहावा. एक फ्रीज वर्षाला २०० युनिट व दुसरा ३०० युनिट घेत असेल, तर प्रति युनिट ८ रुपये धरल्यास १० वर्षांत ८,००० रुपयांचा फरक पडतो. दुकानातील सवलत याच्याशी ताडून पाहावी.

जलशुद्धीकरण

येथे मोठी फसगत होते. पाणी न तपासताच आरओ यंत्र विकले जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम आहे. अन्य स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालते. नळाचे पाणी या इष्ट मर्यादेत असेल आणि जंतूंचीच भीती असेल, तर उकळणे किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरेसे आहे. कूपनलिकेचे पाणी जड किंवा नायट्रेटयुक्त असेल तर आरओचा विचार करावा. परंतु त्यातून वाया जाणारे पाणी भांडी व फरशीसाठी साठविण्याची सोय आधी करावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दुष्काळाच्या प्रदेशात राहून मोरीत पाणी सोडणे शोभत नाही.

भांडी

यंत्रांवर सर्व पैसा संपवून भांडी हलकी घेणे, हा विपरीत क्रम सर्वत्र दिसतो. 'भाजन' हाच संस्कार असल्याने क्रम उलट हवा. लोखंडी तवा व कढई, जाड बुडाचे स्टीलचे पातेले, काढ्यासाठी मातीचे किंवा स्टीलचे स्वतंत्र भांडे, एवढे प्रथम घ्यावे. चिंच, ताक, टोमॅटो असे अम्ल पदार्थ ॲल्युमिनियममध्ये तसेच कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत शिजवू वा ठेवू नयेत. काशाच्या भांड्यात दहा दिवस ठेवलेले तूप वाग्भटाने विरुद्ध मानले आहे. तूप काचेत किंवा स्टीलमध्ये ठेवावे. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा तापवू नये. सुमारे २६० अंशांपुढे तो लेप बिघडू लागतो. भाकरीच्या आचेला तो तवा योग्य नाही.

खरेदीपूर्वी व खरेदीनंतर

सुश्रुताने कल्पस्थानात महानस प्रशस्त, स्वच्छ, जाळीदार गवाक्षांनी युक्त असावे असे म्हटले आहे. म्हणून चिमणी विकत घेण्यापूर्वी खिडकी ठेवावी आणि तिच्यासमोर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. बांधकाम चालू असतानाच विजेचा आराखडा करावा. ६ अँपिअरच्या जागेवर सुमारे १,३०० वॅटपुढील भार घालू नये. २,००० वॅटच्या इंडक्शनला १६ अँपिअरची स्वतंत्र जागा हवी. अर्थिंग व गळती विद्युतप्रवाह तोडणारा स्विच यांत काटकसर नको.

दुकानात तीन प्रश्न विचारावेत : दुरुस्ती गंगाखेडला होईल, परभणीला की नांदेडला? सुटे भाग मिळतील का? हमीपत्रावर शिक्का व तारीख आहे का? पक्के बिल घ्यावेच. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ उपलब्ध आहे आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पाठीशी आहे. मायक्रोवेव्ह, टोस्टर, ज्यूसर यांची खरेदी घरात राहावयास गेल्यावर एक ऋतू लोटेपर्यंत थांबवावी. ज्याची दोन महिन्यांत आठवणही झाली नाही, ते यंत्र नको होते असे समजावे.

औषधालयचालक बंधूंसाठी एक स्वतंत्र सूचना. घरगुती उपकरण हे घरासाठीच असते. २००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून विक्रीसाठी औषधनिर्मिती करणाऱ्यांस जागा, यंत्रसामग्री व स्वच्छतेचे नियम बंधनकारक आहेत. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास त्यातून सूट आहे. पण शुचितेतून सूट कोणासच नाही.

शेवटी वैद्यबंधू-भगिनींस एक विनंती. रुग्णपत्रात अग्नी व कोष्ठ यांच्या नोंदीखाली चार शब्दांची जागा ठेवावी : शेगडी, भांडे, फ्रीज, आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती. सत्तरीतील एकट्या आजींना रोज दोन वेळा अष्टमांश काढा सांगणे आणि तो झालाच असे गृहीत धरून पुढील औषध ठरविणे, यात आजींचे नुकसान आहे व शास्त्राचीही नाचक्की आहे. अशा रुग्णास आसव, वटी किंवा फांट द्यावा. ज्या घरात जे शक्य आहे तेच पथ्य पाळले जाते, आणि पाळले गेलेले पथ्यच गुण देते.