व्यापाऱ्याचे इंग्रजी : सोपे लिहा, नुकसान टाळा

समजा, रत्नागिरीच्या एका हापूस व्यापाऱ्याने दुबईच्या आयातदाराला कळविले, ‘वुई विल सप्लाय मँगोज टिल टेन्थ मे.’ त्याला म्हणायचे आहे की १० मेपर्यंत माल पोचता करू. वाचणारा मात्र समजतो की १० मेपर्यंत माल येतच राहील. पहिली खेप दिसली नाही की तो दुसऱ्याकडे वळतो आणि इकडे पेट्यांतला आंबा पिकून जातो. येथे ‘बाय टेन्थ मे’ लिहायला हवे होते.

ही चूक अडाणीपणाची नव्हे. आपल्या ‘पर्यंत’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. शेवटची मुदत सांगायची तर ‘बाय’, आणि काम त्या दिवसापर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल’. ‘पासून’चेही तसेच. ‘वुई आर इन धिस ट्रेड फ्रॉम ट्वेंटी इयर्स’ हे चूक. ‘वुई हॅव बीन इन धिस ट्रेड फॉर ट्वेंटी इयर्स’ हे बरोबर. साल सांगायचे असेल तर ‘फॉर’ऐवजी ‘सिन्स’ वापरावे.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) तारखेत महिन्याचे नाव अक्षरांत लिहा. ४/५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, पण अमेरिकेत ५ एप्रिल.

२) लाख आणि कोटी हे शब्द आपल्या उपखंडाबाहेर फारसे कळत नाहीत. पाच लाखांना ‘फाईव्ह हंड्रेड थाउजंड’ म्हणा आणि स्वल्पविरामही ५००,००० असा द्या. एक कोटी म्हणजे ‘टेन मिलियन’.

३) ‘डिस्कस अबाउट’ नको, नुसते ‘डिस्कस’ पुरे. ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ही फुकटचा. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’ यांना अनेकवचनाचा ‘एस’ लावू नका.

४) ‘काइंडली डू द नीडफुल’ असे लिहून थांबू नका. नेमके काय हवे ते सांगा : बिल पाठवा, नमुना पाठवा किंवा उरलेली रक्कम भरा.

५) ‘प्रीपोन’ आपल्याकडे रुळला आहे, पण परदेशी गिऱ्हाइकाला तो अडेल. तारीख अलीकडे घेतली असेल तर नवी तारीखच लिहा.

भारदस्त शब्दांनी वजन वाढते, असा आपला एक समज आहे. खुद्द इंग्रजांनाही हा मोह सुटला नव्हता. सर अर्नेस्ट गावर्स यांनी १९४८ साली ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक काढले, ते ब्रिटिश सरकारी नोकरांना साधे लिहिता यावे म्हणूनच. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. भाव, नग, तारीख आणि पत्ता पुन्हा वाचून मगच पत्र किंवा ई-मेल धाडा.

चूक होईल म्हणून मात्र गप्प बसू नका. व्याकरण थोडे चुकले तर गिऱ्हाईक चालवून घेते. तारीख किंवा आकडा चुकला तर तोटा आपल्यालाच सोसावा लागतो.