मोजणी बरोबर होती

जुलै 1963 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिथेच तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप चढला, पोटात कळा सुरू झाल्या. सहा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी टाके उघडले, तेव्हा आत मॉप सापडला, म्हणजे रक्त टिपायचे कापड. आणखी पाच दिवसांत ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने 36 हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, पण तोवर फेब्रुवारी 1996 उजाडला होता. वकिलांच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे. कापड आपल्या पायांनी पोटात जात नाही, त्यामुळे निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करत बसायला नको आणि सरकारी रुग्णालयातल्या अशा चुकीची जबाबदारी सरकारवर येते, या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट झाल्या. या निकालानंतर दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात मॉप मोजायची पद्धत बदलली का, हे मात्र कोणत्याही निकालपत्रात नसते. शस्त्रक्रियेतल्या चुकांच्या खटल्यांचे आपल्याकडचे मोठे अपयश मला इथे दिसते. भरपाई उशिरा आणि तोकडी मिळते हे तर आहेच. पण खटल्यात जे कळते, ते ऑपरेशन थिएटरपर्यंत परत पोचत नाही.

पोटात राहिलेले कापड ही या प्रकारातली सिद्ध करायला सगळ्यांत सोपी चूक. तरीही रुग्णाच्या पदरात काय पडेल याची खात्री नाही. गोव्यात परिचारिका असलेल्या एका महिलेच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया 1993 मध्ये झाली. पुढे पोटदुखी सुरूच राहिली, आणि 2002 मध्ये मुंबईत पुन्हा पोट उघडल्यावर गॉज निघाले. तिने 2004 मध्ये ग्राहक कायद्याखाली तक्रार केली. चूक कोणाची, या प्रश्नापर्यंत खटला पोचलाच नाही. दोन वर्षांची मुदत टळली, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तक्रार निकालात काढली. चूक उघडकीस आली त्या दिवसापासून मुदत मोजता येते, हे तत्त्व न्यायालयाला ठाऊक होते. पण नऊ वर्षे दुखत असताना, त्यातून स्वतः परिचारिका असताना, तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन चौकशी का केली नाही, असा न्यायालयाचा सवाल होता. कायद्याच्या चौकटीत तो बसतो, मला मात्र तो कठोर वाटतो. वेदनाशामक गोळ्या घेऊन ड्यूटीवर जाणाऱ्या बायकांची आपल्याकडे वाण नाही.

डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले. (सर्वांना मोफत उपचार देणारी सरकारी रुग्णालये त्यातून वगळली, म्हणजे औरंगाबादसारख्या प्रकरणात आजही दिवाणी कोर्टाचीच पायरी चढावी लागेल.) तेव्हापासून अनेक डॉक्टरांचे म्हणणे असे की खटल्यांच्या धाकाने सर्जन अवघड रुग्ण हातात घ्यायला कचरतात आणि नको त्या तपासण्या वाढतात. या तक्रारीत तथ्य आहे. पण न्यायालयांनी डॉक्टरांना वाऱ्यावर सोडले आहे, असे म्हणता येत नाही. शस्त्रक्रिया अयशस्वी झाली किंवा रुग्ण दगावला, एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला जी पद्धत मान्य आहे ती वापरली असेल, तर दुसऱ्या डॉक्टरने वेगळे केले असते म्हणून दोष लागत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 मध्ये तर न्यायालयाने फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेण्याची आणि सरसकट अटक न करण्याची अट घातली. म्हणजे निर्णयातली चूक आणि हलगर्जी यांच्यातली रेघ कायद्याने बऱ्यापैकी समजून ओढली आहे. पण ती रेघ दोष कोणाचा एवढेच सांगते. चूक का झाली, हे तिला सांगता येत नाही.

ते कसे शोधता येते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे आणि त्याला वऱ्हाडाचा दूरचा धागा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून तिकडे गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव, सर्जन अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका वैद्यकीय विमा कंपनीकडचे जुने दावे उघडून पाहिले. शरीरात कापड किंवा अवजार राहिलेले 54 रुग्ण त्यात सापडले. त्यांची तुलना तशीच शस्त्रक्रिया झालेल्या, पण काही न राहिलेल्या रुग्णांशी केली, आणि तो अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊपट निघाला. ऐन वेळी बेत बदलावा लागला तर सुमारे चौपट. सगळ्यांत बोचरा निष्कर्ष वेगळाच होता. मोजणी झाल्याची नोंद असलेल्या बहुतेक प्रकरणांत ती बरोबर असल्याचे लिहिले होते.

हे कसे घडते ते थिएटरमध्ये पाहिले की उमगते. सिस्टर सुरुवातीला मॉप आणि गॉज मोठ्याने मोजून घेते, दुसरी ते लिहून ठेवते, आणि पोट बंद करायच्या आधी पुन्हा मोजणी होते. मॉपला बाहेर लोंबणारी नाडी असते, कापडात एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. पण रक्ताने भिजलेला मॉप आतड्याच्या वळ्यात दडला की डोळ्यांना आणि बोटांनाही तो शरीराचाच भाग वाटतो. रक्तस्राव थांबत नाही, रात्रीचे दोन वाजलेत, मध्येच आणखी मॉपची पाकिटे फोडली गेली आणि एकच सिस्टर तीन कामे सांभाळते आहे. अशा वेळी 'मोजणी बरोबर' हे शब्द सवयीने लिहिले जातात. इथे एका माणसाला शिक्षा करून फारसे साधत नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेत एक्स-रे सक्तीचा करून किंवा माणूस वाढवून काही साधू शकते, आणि ते कुठे करायचे हे जुन्या फायलीच सांगतात. भूलशास्त्रातही असेच झाले. अमेरिकन भूलतज्ज्ञांनी 1985 पासून निकाली निघालेले दावे गोळा करून तपासायला घेतले. रुग्णाला प्राणवायू नीट न मिळाल्यामुळे झालेले किती अपघात वेळीच टळले असते ते त्यातून दिसले, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची बाजू भक्कम झाली.

यावर आक्षेप येईल की हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची चेकलिस्ट हा एक कागदच आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीतल्या आठ शहरांत दिल्ली होती; मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यांवर आले. मात्र कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती सक्तीची केल्यावर मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, असे 2014 मध्ये आढळले. वरून आलेला कागद खुणा करण्यापुरता उरतो. आपल्याच रुग्णालयात, आपल्याच जिल्ह्यात काय चुकले हे समोर असेल तर त्या खुणांना अर्थ येतो.

दुसरा आक्षेप रुग्णांच्या नातेवाइकांचा: मग चुकणाऱ्याला मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. भरपाईचा हक्क आहे तसाच राहावा, उलट लवकर मिळावा. पण ग्राहक आयोगात निकाली निघालेली प्रकरणे नावे वगळून वैद्यकीय परिषदेकडे जावीत आणि दरवर्षी त्यांचा अभ्यास छापला जावा, एवढे तरी जमायला हरकत नसावी. डॉक्टर त्यामुळे लपवाछपवी करतील ही भीती अनाठायी आहे, कारण प्रकरण तोवर कोर्टात उघड झालेलेच असते.

अर्थात अभ्यास करायला आधी कागद हवेत. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागदपत्र उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितले की 72 तासांत द्यायचे असतात. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि डिस्चार्ज कार्डावर न थांबता ऑपरेशनची नोंद, भुलीचा तक्ता व मोजणीचा कागद नावानिशी मागावा.