विंचवाचं बिऱ्हाड सर्व्हरवर



आपण परदेशस्थ म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. विंडोजच्या नेटवर्कमध्येही अशी सोय आहे: रोमिंग युजर प्रोफाइल. ऑफिसातल्या कुठल्याही पीसीवर लॉगऑन करा, तुमचा डेस्कटॉप आणि सेटिंग्ज तिथे हजर. ज्यांच्या क्लिनिकमध्ये किंवा ऑफिसात दहा-वीस पीसी आहेत, त्यांना हे फार मोहात पाडतं. मलाही पाडलं होतं. म्हणून आधी माझी चूक सांगतो.

मस्कतमधल्या एका लहान ऑफिसात मी हे सगळं बसवलं आणि खूश होतो. महिनाअखेरीला अकाउंट्समधल्या बाईंनी सकाळभर वरच्या मजल्यावर एका एक्सेल फाइलमध्ये नोंदी केल्या, फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली, स्क्रीन लॉक केला आणि खाली आल्या. खालच्या पीसीवर लॉगऑन केलं, तीच फाइल उघडली, काम केलं, लॉगऑफ करून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नोंदी गायब! "मी सेव्ह केलं होतं हो," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ते खरंच होतं.

झालं काय होतं? रोमिंग प्रोफाइल सर्व्हरवर 'राहतं' असं आपण समजतो. तसं नाही. लॉगऑन करताना त्याची प्रत पीसीवर उतरते आणि लॉगऑफ करताना बदल परत वर जातात. मधल्या वेळात सर्व्हरला काही पत्ता नसतो. बाईंनी वर लॉगऑफ केलंच नव्हतं, म्हणून खाली त्यांना जुनी फाइल मिळाली. तिच्यात काम केल्यावर तिचीच वेळ ताजी ठरली. विंडोज फाइलची तारीख-वेळ बघतं, आतला मजकूर नाही. पुढच्या लॉगऑनला वरच्या पीसीवरची सकाळची प्रत पुसली गेली. सेटिंग्जची गत आणखी वाईट. ती बहुतेक सगळी एनटीयूजर.डॅट या एकाच फाइलमध्ये असतात, ती अख्खीच जाते-येते. शेवटी लॉगऑफ करेल त्याचं खरं.

आता बसवायचं कसं ते बघू.

१) सर्व्हरवर एक फोल्डर शेअर करा. नावाच्या शेवटी $ लावलंत की ते नेटवर्कच्या यादीत दिसत नाही. युजर्सना त्यात फक्त स्वतःचं फोल्डर तयार करता यावं, दुसऱ्याचं उघडता येऊ नये. या शेअरचं ऑफलाइन कॅशिंग बंद ठेवा.

२) ग्रुप पॉलिसीत, रोमिंग प्रोफाइलला ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप जोडण्याचं सेटिंग आधीच चालू करा. प्रोफाइल तयार झाल्यावर केलंत तर जुन्या फोल्डरांना लागू होत नाही, आणि मालकी घेतल्याशिवाय तुम्हालाच आत जाता येत नाही.

३) ॲक्टिव्ह डिरेक्टरीत युजरच्या प्रोफाइल टॅबवर पाथ द्या: \\सर्व्हर\प्रोफाइल्स$\%युजरनेम%. युजरचं फोल्डर हाताने बनवू नका, ते विंडोज स्वतः बनवतं.

४) सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी नेमकं हेच केलं नव्हतं: फोल्डर रिडायरेक्शन. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स थेट सर्व्हरवर वळवा. मग फाइल एकच राहते. दुसऱ्या पीसीवर उघडायला गेलात तर एक्सेलच सांगतं की ती आधीच उघडी आहे. डाउनलोड्सही वळवा, नाहीतर तोही पसारा सोबत फिरतो. ॲपडेटामधली लोकल आणि लोकललो ही फोल्डर्स मुळात फिरत नाहीत.

रिडायरेक्शन नसेल तर लोक डेस्कटॉपवर लग्नाचे व्हिडिओ ठेवतात आणि मग "लॉगऑन व्हायला अर्धा तास लागतो" म्हणून आपल्याला फोन करतात. विमानाला जाताना बॅग वजनकाट्यावर ठेवतो ना, तसंच आहे हे. सोबत न्यायचं ते हलकं हवं.

आणखी एक खाच. विंडोज ७ चं प्रोफाइल .व्ही२ नावाच्या फोल्डरात जातं, विंडोज १० चं २०१६ सालच्या १६०७ आवृत्तीपासून .व्ही६ मध्ये. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणजे जुना पीसी बदलला की युजर विचारणार, "माझं सगळं कुठे गेलं?" फाइल्स रिडायरेक्ट केलेल्या असतील तर त्या जागेवरच असतात, फक्त सेटिंग्ज नव्याने करावी लागतात.

आता दुसरेही मार्ग आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एफएसलॉजिक्स विकत घेतलं. त्यात प्रोफाइल एका आभासी डिस्कमध्ये राहतं आणि लॉगऑनच्या वेळी नुसतं जोडलं जातं, त्यामुळे कॉपी करण्याची भानगड नाही. पण दहा-वीस पीसी आणि एक सर्व्हर असेल तर वरची पद्धत अजूनही चालते.

आणि हो, हा बॅकअप नव्हे. युजरने फाइल पुसली की ती सर्व्हरवरूनही जाते. बॅकअप वेगळाच घ्या.

त्या बाईंनी सकाळच्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा भरल्या. दोन दिवस गेले, मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवले. तेव्हापासून कुठेही हे बसवलं की पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच सांगतो: जागा सोडताना लॉक नाही, लॉगऑफ करा.